तार वेळेवर पोचली होती, मास्तर

'ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त तारमास्तर, वय ६९, राहणार सांगली जिल्हा. नोकरीची सुरुवात मोर्सच्या कट्टकडकट्टवर झाली आणि २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली तेव्हाही मी खात्यातच होतो. गेल्या वर्षी मुलाकडे व्हिएन्नाला गेलो. एकाच दिवशी सकाळी तिथल्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याला ज्या मोटारीत गोळी लागली आणि ज्यातून पहिलं महायुद्ध पेटलं, ती मोटार पाहिली आणि संध्याकाळी मुलाने सिम्फनी ऐकायला नेलं. पहिला भाग संपला आणि मी मनापासून टाळ्या वाजवल्या. अख्ख्या सभागृहात फक्त माझ्याच. मुलाने माझा हात धरला. पुढचा पाऊण तास मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. काय ऐकलं ते धड आठवत नाही, पण जे थोडं कानात राहिलं ते सुटतही नाही. आता घरी मोबाइलवर ऐकतो, तर दहाव्या मिनिटाला वाट चुकते. बायको भजनी मंडळात गाते. ती म्हणते, "हे लोक समेवर कधी येतात?" मला उत्तर देता येत नाही.

दुसरं असं की, त्या मोटारीपासून १९१४ च्या जुलैविषयी मिळेल ते वाचतोय. एके ठिकाणी वाचलं, तारांच्या वेगामुळे मुत्सद्द्यांना विचार करायला वेळच मिळाला नाही आणि शिष्टाई फसली. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. म्हणजे आम्ही तारवाल्यांनीच घात केला की काय? आणि ज्या शहरात असलं संगीत होतं त्याच शहराने हे करावं? बायको म्हणते, दोन्ही नाद सोडा. काय करू?'

मास्तर, नमस्कार.

आधी टाळ्यांचं मिटवू, कारण बाकी सगळ्यापेक्षा तेच तुम्हाला जास्त टोचतंय असं पत्रावरून दिसतं. माझंही ऐका. तिशीच्या आत होते, मुंबईत एका पाहुण्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता, चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी. तिच्या तिसऱ्या भागाचा शेवट असा काही दणक्यात होतो, पितळी वाद्यं आणि नगारे मिळून असा जल्लोष करतात, की संपलंच असं कुणालाही वाटावं. मी उठून उभी राहिले. नुसत्या टाळ्या नाहीत, पर्स काखेत, चपला पायांत, घरी निघायच्या तयारीत. मग लक्षात आलं की चौथा भाग शिल्लक आहे आणि तो विलापाचा आहे. पुढच्या रांगेतल्या एका पारशी आजींनी मागे वळून, मला बरं वाटावं म्हणून असेल, 'एव्हरीबडी डझ इट' म्हटलं. ते खरंही आहे. या भागानंतर टाळ्या पडतात हे जगभर ठाऊक आहे.

आणि भागांच्या मध्ये गप्प बसायचं ही रीत मुळात फार जुनी नाही. १८१३ च्या डिसेंबरात व्हिएन्नात बीथोवनची सातवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली. हानाऊच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या मदतीसाठी तो जलसा होता. दुसरा भाग संपल्यावर श्रोत्यांनी तो पुन्हा वाजवून घेतला. आपल्या नाटकांत पदाला वन्स मोर मिळायचा, अगदी तसा. म्हणजे तुम्ही चुकलात ते एवढंच, की दोनशे वर्षं उशिरा पोचलात. पुढच्या वेळी शेजारचे वाजवायला लागले की वाजवा आणि विषय संपवा.

आता वहिनींचा प्रश्न. मास्तर, तुमच्या घरात खरा कान कुणाचा आहे ते त्या एका प्रश्नावरून कळलं. सम कधी येते? तर आपल्या अर्थाने येत नाही. तिथे तालाचं आवर्तन नाही, फिरून फिरून त्याच मात्रेवर यायचं बंधन नाही. पण 'घरी येणं' आहे, आणि ते सुरांतून असतं. आपल्याकडे तंबोरा एकदा जुळला की षड्ज तिथून हलत नाही. गवई कितीही लांब गेला तरी घर मागे दिसत असतं. त्यांच्याकडे घरच हलतं. बाजा एका पट्टीत सुरू होतो, काही मिनिटांत दुसऱ्याच पट्टीत जाऊन तिथे बिऱ्हाड करतो, तिसरीकडे डोकावतो आणि मग कधीतरी मूळ पट्टीत परततो. तो परतीचा क्षण म्हणजे त्यांची सम समजा. तुम्ही दहाव्या मिनिटाला हरवता त्याचं कारण हेच. तुमचा कान पहिल्या षड्जाला धरून बसलेला आणि गाडी केव्हाच पुढच्या स्टेशनात.

म्हणून सिम्फनी तूर्त बाजूला ठेवा. चाळीस मिनिटं, साठ-सत्तर वाजवणारे आणि चार भाग, हा नवशिक्याचा घास नाही. संगीत शिकायला लागलेल्या मुलाला आपण पहिल्या दिवशी बडा ख्याल देत नाही. एक छोटी वस्तू देते, ती महिनाभर पुरेल.

योसेफ हायडन नावाचा ऑस्ट्रियाचा संगीतकार. त्याने १७९७ मध्ये आपल्या सम्राटासाठी एका राष्ट्रगीताची चाल बांधली. साधी, चार माणसांना एकत्र म्हणता यावी अशी. तीच चाल नंतर त्याने तंतुवाद्यांच्या चौकडीत घातली: दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. व्हिओला म्हणजे व्हायोलिनची जरा जाड आवाजाची बहीण आणि चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचा, पुरुषी गळ्याचा. या चौकडीला 'एम्परर' म्हणतात. तिचा फक्त दुसरा भाग लावा. सात-आठ मिनिटांचा आहे.

काय ऐकायचं ते सांगते. आधी पहिलं व्हायोलिन चाल वाजवून दाखवतं, बाकीचे तिघे हळू साथीला. एवढं दोन-तीनदा ऐका, चाल गुणगुणता येईपर्यंत. मग पुढे जा. पहिल्या फेरीत चाल दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते आणि पहिलं तिच्याभोवती बारीक नक्षी काढत सुटतं. व्हिओला आणि चेलो या फेरीत अगदी गप्प. दुसऱ्या फेरीत चाल चेलोकडे, खाली, जमिनीजवळ. तिसऱ्यात व्हिओला. शेवटच्या फेरीत ती पुन्हा पहिल्या व्हायोलिनकडे येते, पण आता भोवतीचे सूर दाट झालेले असतात आणि त्याच ओळी वेगळ्याच वाटतात. गंमत अशी की चार फेऱ्यांत मूळ चालीला कुणी हात लावत नाही. तान नाही, हरकत नाही. बदलतं ते सगळं तिच्या आजूबाजूचं. आपल्याकडे नेमकं उलटं: साथ जागेवर आणि चीज रोज नवी. हा फरक कानाला एकदा लागला ना, की अर्ध्याहून जास्त काम झालं.

आणि कानाचं म्हणाल तर तुमचा तयारच आहे. तारयंत्राच्या साउंडरची टकटक ऐकून सरळ कागदावर अक्षरं उतरवणाऱ्या माणसाने 'मला यातलं काही कळत नाही' म्हणू नये. बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात लावून बघा: तीन आखूड, एक लांब. वाजल्याबरोबर तुमचा हात पेन्सिलीकडे जाईल. ते मोर्समधलं इंग्रजी व्ही अक्षर आहे. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने विजयाची खूण म्हणून तेच चार ठोके वापरले. बीथोवनला मोर्सची कल्पना असणं शक्य नव्हतं, ही सिम्फनी १८०८ ची.

आता जुलै १९१४ कडे येते. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण झोपेचा प्रश्न आहे.

तुम्ही वाचलंत ते निखालस खोटं नाही. तार आली, वेग वाढला, पूर्वी वकिलाला, म्हणजे राजदूताला, घोडागाडीने जायला जे दिवस लागायचे ते तासांवर आले, हे अभ्यासक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण कॅलेंडर काढून बसा. सारायेवोत आर्चड्यूकचा खून झाला २८ जूनला. आपल्याकडे टिळक मंडालेहून सुटून पुण्यात परतले त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. ऑस्ट्रियाने खुनाचा ठपका ठेवून सर्बियाच्या हातात मागण्यांचा खलिता ठेवला २३ जुलैला. मधे पंचवीस दिवस गेले. पंचवीस दिवसांत तर बैलगाडीनेही निरोप पोचला असता.

त्या दिवसांत काय चाललं होतं? ५ आणि ६ जुलैला बर्लिनने व्हिएन्नाला सांगून टाकलं की काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. ७ तारखेला व्हिएन्नात मंत्र्यांची बैठक झाली आणि बहुतेकांचं मत पडलं की सर्बियापुढे मागण्या अशा ठेवायच्या, ज्या तो फेटाळणारच. हंगेरीचा पंतप्रधान टिसा तेवढा आडवा आला, तोही आठवड्याभरात वळला. मग थांबायचं कशासाठी? एक कारण तुमच्या गावाकडच्या कुणालाही पटेल: सैन्यातले पुष्कळ शिपाई सुगीसाठी रजेवर होते. दुसरं कारण जास्त धूर्त. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पोंकारे रशियाच्या झारच्या भेटीला सेंट पीटर्सबर्गमध्ये होते. दोघं एकत्र असताना खलिता जाहीर झाला तर बसल्या बैठकीत उत्तर ठरेल. म्हणून पोंकारेंचं जहाज बंदरातून निघेपर्यंत वाट पाहिली गेली. खलिता द्यायची वेळ आधी पाचची होती, ती तेवढ्यासाठी सहा केली. मधल्या काळात जगाला शंका येऊ नये म्हणून ऑस्ट्रियाचे सेनापती सुट्टीवर गेले आणि जर्मनीचा सम्राट कैसर नॉर्वेकडे समुद्रावर सहलीला.

वेळ नव्हता म्हणणाऱ्यांना हे दाखवा, मास्तर. वेळ भरपूर होता. तो मुद्दाम गप्प राहण्यात घालवला आणि मग समोरच्याला फक्त अठ्ठेचाळीस तास दिले.

पुढचं दृश्य मला फार आवडतं. आवडतं म्हणजे काय, पोटात कालवतं. २५ जुलै, बेलग्रेड. सर्बियाचं मंत्रिमंडळ उत्तर लिहितंय. मसुद्यात शेवटपर्यंत फेरफार. टाइपरायटर ऐनवेळी बिघडतो, म्हणून उत्तर हाताने लिहावं लागतं, खाडाखोडीसकट. सहाला पाच-दहा मिनिटं असताना पंतप्रधान पाशिच तो लखोटा स्वतः घेऊन ऑस्ट्रियाच्या वकिलातीत जातात. बहुतेक मागण्या मान्य केलेल्या आहेत. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी सर्बियात येऊन तपासात भाग घ्यायचा, याला तेवढा नकार आहे, आणि समाधान नसेल तर प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे किंवा बड्या राष्ट्रांपुढे नेऊ असंही म्हटलंय. ऑस्ट्रियाचा वकील गीझल कागदावरून नजर फिरवतो. त्याचं सामान आधीच बांधून झालेलं आहे. संबंध तोडल्याची चिठ्ठी तयार आहे. साडेसहाची गाडी पकडून तो नदीपलीकडे जातो.

आपल्याला कृष्णशिष्टाई ठाऊक असते, पाच गावं आणि सुईच्या अग्रावर मावेल एवढी माती. पण दुर्योधनाने निदान पूर्ण ऐकून मग नाही म्हटलं. इथे उत्तर वाचायच्या आधी ट्रंका भरल्या होत्या. याला शिष्टाई फसली म्हणायचं का? माझं मत विचाराल तर ती फसली नाही, फसवली गेली. हे सगळ्यांना पटेल असं नाही. रशियाचा वाटा किती, जर्मनीचा किती, ब्रिटनने आधीच स्पष्ट का नाही सांगितलं, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे आणि तुम्ही वाचत राहिलात तर तुमचंही मत दर सहा महिन्यांनी हलेल. हलू द्या.

खरी धडपड करणारेही होते. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी २६ तारखेला सुचवलं की ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली या चौघांनी बसून तोडगा काढावा. जर्मनीने नाही म्हटलं. (हायडनची चौकडी जमली, ही नाही. विनोद वाईट आहे, माहीत आहे.) कैसर सहलीवरून परत आला, त्याने २८ च्या सकाळी सर्बियाचं उत्तर वाचलं आणि समासात लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरत नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं.

ते कसं पुकारलं, हे तुम्हाला सांगायलाच हवं. बेलग्रेडमध्ये त्यांचा वकील उरला नव्हता, मग कागद द्यायचा कुणी? म्हणून युद्धाची घोषणा साध्या तारेने पाठवली, फ्रेंचमध्ये, बुखारेस्टमार्गे. सर्बियाचं सरकार तोवर निश या गावी हललं होतं. पाशिच जेवत असताना तार हातात पडली. त्यांना आधी वाटलं, कुणीतरी थट्टा केलीय.

आता सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाची राजधानी, पीटर्सबर्ग. २९ जुलैची रात्र, शहराचं मुख्य तारघर. रशियाचं सगळं सैन्य युद्धासाठी सज्ज करायचा हुकूम घेऊन जनरल दोब्रोरोल्स्की तिथे हजर. बाकीची सगळी वाहतूक थांबवून तारा मोकळ्या केल्या आहेत. ऑपरेटर आपापल्या यंत्रापुढे बसलेत, हुकमाच्या प्रती तयार होतायत. खोलीत कुणी बोलत नाही. इतक्यात टेलिफोन: थांबा. झारला कैसरची तार आली होती आणि त्याचं मन बदललं होतं. हुकूम परत गेला, फक्त काही सैन्य सज्ज करायचं ठरलं. त्या दोघा सम्राटांच्या एकमेकांना तारा चालल्या होत्या, इंग्रजीत, विली आणि निकी अशा घरगुती नावांनी. पहिल्या दोन तर वाटेत एकमेकींना ओलांडून गेल्या. झारने एका तारेत प्रकरण हेगला नेऊ असंही सुचवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने झारला पुन्हा राजी केलं. मग सेनापतीला फोनवर म्हणाला, आता तुमचा टेलिफोन मोडून टाका. म्हणजे झारचं मन पुन्हा फिरलं तरी निरोप पोचायला नको. संध्याकाळी सहाच्या सुमारास तेच तारघर, तीच शांतता. आणि या वेळी यंत्रं वाजली.

मास्तर, त्या खोलीतल्या माणसांच्या जागी तुम्ही रोज रात्री स्वतःला बसवत असाल. बसवा. पण नीट बघा. एका रात्री त्याच तारेने युद्ध चोवीस तास लांबवलं. टेलिफोन मोडायची भाषा कुणी केली? निरोप पोचू नये असं ज्याला वाटत होतं त्याने. त्या महिन्यात तार हरवल्यामुळे किंवा उशिरा पोचल्यामुळे काही बिघडलं, असं मला कुठे दिसत नाही. तुमच्या खात्याने काम चोख केलं. ज्यांच्या हातात कागद पडले त्यांनी काय केलं याचा हिशेब तारमास्तराकडे मागायचा नसतो.

एक पुस्ती. या सगळ्या तारांमध्ये हिंदुस्थानचं मत शोधू नका, सापडणार नाही. ब्रिटन उतरला आणि आपणही उतरलो, विचारलं कुणी नाही. तुमच्या शेजारच्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, तसा दगड गावात आहे. कधी गेलात तर पुस्तकापेक्षा पाच मिनिटं त्या दगडापुढे जास्त काढा.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, असलं संगीत असलेल्या शहराने हे कसं केलं. याचं सुबक उत्तर माझ्याकडे नाही आणि जे देतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. संगीत ही लस नव्हे. हायडनची तीच चाल १९१४ मध्ये साम्राज्याचं राष्ट्रगीत होती. १८०९ मध्ये नेपोलियनच्या तोफा व्हिएन्नावर चालत असताना म्हातारा हायडन तीच चाल रोज पियानोवर वाजवायचा, आणि त्याच मे महिन्याच्या अखेरीला गेला. एकच चाल, एकदा धीर देणारी, एकदा फौजेबरोबर चालणारी. चालीने काय करावं?

पण त्या युद्धाने संगीताचं काय केलं ते मात्र ऐकता येतं, आणि तुमच्या दोन्ही नादांची गाठ तिथे पडते. पाउल विटगेनश्टाइन हा व्हिएन्नाचा तरुण पियानोवादक. १९१४ च्या ऑगस्टमध्येच रशियाच्या आघाडीवर त्याचा उजवा हात गेला. घर श्रीमंत होतं. युद्धानंतर त्याने नावाजलेल्या संगीतकारांकडून फक्त डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या. त्यातली राव्हेलची सगळ्यांत गाजली. राव्हेल फ्रेंच, म्हणजे शत्रुपक्षाचा, युद्धात स्वतः लष्करी ट्रक चालवलेला. डोळे मिटून ऐकलंत तर एकच हात आहे हे पटत नाही. पण ती वीस मिनिटांची आहे आणि सुरुवात इतकी खोल, काळोखी की मोबाइलच्या स्पीकरवर काहीच ऐकू येणार नाही. मुलाला चांगले हेडफोन पाठवायला सांगा, एवढं त्याने करायला हरकत नाही. तुमचा हात धरला होता ना त्याने.

त्याआधी राव्हेलचंच 'ल तोंबो द कूपरँ' ऐका, पियानोवर. सहा छोटे तुकडे, युद्धात गेलेल्या मित्रांच्या नावाने केलेले. रडका सूर एकही नाही, निम्मे नाचाच्या चालीचे. शेवटचा तुकडा ज्याच्या नावाने आहे त्याच्याच विधवेने, मार्गरीत लाँगने, १९१९ मध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढे वाजवला. हे माहीत असताना ऐकणं आणि माहीत नसताना ऐकणं यांत फरक पडतो का, ते तुम्हीच बघा. शास्त्रीय संगीताचे कडक लोक म्हणतात पडू नये. मला पडतो.

इंग्लंडचा जॉर्ज बटरवर्थ घ्या. 'द बँक्स ऑफ ग्रीन विलो', जेमतेम सहा मिनिटं, लोकगीतांच्या चालींवर बांधलेलं, १९१३ चं. त्यात युद्धाचा मागमूस नाही, कारण तेव्हा ते नव्हतंच. फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत ऑगस्ट १९१६ मध्ये तो मारला गेला, वय ३१. आणि इंग्लंडच्याच एल्गार नावाच्या संगीतकाराचा चेलो कन्चेर्टो, म्हणजे एकटा चेलो पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला, १९१९ चा. ससेक्समधल्या ज्या झोपडीवजा घरात त्याने तो लिहिला तिथे युद्धाच्या शेवटच्या वर्षात रात्री समुद्रापलीकडच्या तोफा ऐकू यायच्या. पहिला प्रयोग तालमी अपुऱ्या पडल्याने साफ पडला. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं.

होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचा 'मार्स' तुम्हाला कुणीतरी सुचवेलच, युद्धाचा म्हणून. ऐका, पण पाच-पाच मात्रा मोजत ऐका, म्हणजे कवायतीच्या बुटांना तो का जुळत नाही ते कळेल. स्ट्राव्हिन्स्की आणि शोनबर्ग या संगीतकारांच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. १९१३ मध्ये पॅरिस आणि व्हिएन्नाच्या दर्दी लोकांनी त्यांच्यावरून सभागृहात राडा केला होता. तुमच्या एका टाळीपेक्षा बराच मोठा.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर सांगलीहून मुंबई गाठावी लागेल. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास त्यांचे कार्यक्रम असतात, मागच्या रांगांची तिकिटं परवडतात. व्हायोलिनच्या रांगेत कुणी गोवेकर दिसला तर नवल मानू नका. हिंदी सिनेमाची वाद्यवृंदं गोव्याच्या वादकांनी तोलून धरली होती, म्हणजे व्हायोलिनचा हा आवाज तुम्ही लहानपणापासून रेडिओवर ऐकतच आला आहात.

आणि 'दोन्ही नाद सोडा' याचं. सोडू नका, पण घरात एका वेळी एकच चालू ठेवा. युद्धाचं वाचन दुपारी, चहाच्या आत. रात्री पुस्तक उशाशी घ्यायचं नाही, झोप त्यामुळे जाते, तारांमुळे नाही. जेवणं आटोपली की हायडनचा तो दुसरा भाग लावायचा आणि वहिनींना बोलवायचं. कसलं संगीत, कुठल्या सम्राटाचं, काही सांगू नका. चाल चेलोकडे जाईल तेव्हा त्यांच्याकडे बघा. भजनात आयुष्य काढलेल्या माणसाची मान त्या फेरीला हलते असा माझा अंदाज आहे. व्हिओलाच्या फेरीला हलली तर मला पोस्टकार्ड टाका. माझा अंदाज चुकला असं समजेन आणि व्हिओला पुन्हा नीट ऐकेन.